इंग्लंडातला रोवणा

सौंदड
५ मार्च २०२५

रेणू,

राम राम. एकाच गावात राहून टपालानं पत्र पाठवणारा मी पहिलाच शहाणा असेन. पण तुझ्या दारात आलो की तुझ्या तोंडाकडे पाहून दुसरंच काही बोलतो. मोबाईलवर लिहिलं तर पाठवल्यावर पुसून टाकतो. परवा तू विचारलंस, "काय पुसलास बे?" मी म्हणालो, चुकून गाणं गेलं. गाणं नव्हतं. म्हणून कागद घेतला. पेटीत टाकलेलं परत काढता येत नाही.

आमच्याकडे सगळं बरं. बाबूजींचं उन्हाळी धान लागलं, पण पंपाची लाईन सारखी जाऊन राहिली, आणि त्याचा राग ते माझ्यावर काढून राहिले. मुन्नालालभाऊंनी ऑनलाईन सेंटरवर नवीन प्रिंटर आणला. त्याला हात लावायची परवानगी फक्त मला आहे, हीच माझी डिग्री समज.

तुझी आई सेंटरवर आली होती, आधार कार्डाच्या कामानं. काम झालं तरी उठेना. मग म्हणाली, "बाबू, रेणू कॉलेजात जाऊनच नाही राहिली. तिचे काका म्हणतेत, घरीच बसाचं आहे त पोरगा पाहून टाकू. तू समजाव ना तिले. तुयं आयकते."

मी हो म्हणालो. तिला चहा पाजला. मी स्वतः घेतला नाही, तर म्हणते, "उपाशी काऊन राहतेस रे?"

माझं ऐकतेस म्हणे. तेच तर झालं.

त्या इंग्रज कवीचं पान आठवते? आठवते काय, विसरशील कशी. मॅडमनं वर्गातल्या प्रत्येकाला एकेका कवीचं पान मराठी विकिपीडियावर लिहायला दिलं आणि तुझ्या वाट्याला सहाशे वर्षांपूर्वीचा हा बाबा आला. त्याचं नाव मला अजून धड घेता येत नाही. तू वहीत लिहून आणायचीस, मी सेंटरवर टाईप करायचो. तू स्टुलावर बसून "काना राहिला", "हे वाक्य जड झालं" म्हणायचीस. लोक पीक विम्यासाठी रांगेत उभे आणि आपण इंग्लंडच्या राजाच्या दरबारात. कॉलेज सोडल्यापासून मला शिकल्यासारखं वाटलं ते तेव्हाच.

मग जानेवारीत पानात तो मजकूर आला. तुला पाठ असेल: "कवीचा तरुणपणी एका शेतकऱ्याच्या मुलीवर जीव जडला होता. ती गुडघाभर चिखलात धान रोवत असे आणि तो शेताच्या धुऱ्यावर उभा राहून तिच्याकडे पाहत असे. तिला सांगायची हिंमत त्याला शेवटपर्यंत झाली नाही." कोण्या संपादकानं तो काढला आणि चर्चेच्या पानावर लिहिलं, "इंग्लंडात भाताची रोवणी? संदर्भ द्या." मॅडमनं ते भर वर्गात मोठ्या पडद्यावर दाखवलं. मागच्या बाकावरून कोणी ओरडलं, "रोवणेवाली आ गई!" आणि सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, हे कुठून आलं ते लिहून द्या, तोवर तोंडी परीक्षा नाही.

तुला वाटलं तुझ्या वर्गातल्या हिमांशूनं केलं. खातं उघडताना तो तुझ्याजवळ बसला होता, पासवर्ड त्याला माहीत होता. आणि त्यानं एकदा कॅन्टीनमध्ये गंमत केली होती की तुमच्याकडच्या पोरींच्या नखात बारा महिने चिखल. गोंदियाच्या दुकानदाराचा पोरगा, त्याला काय ठाऊक. तू सगळ्यांसमोर त्याला नाही नाही ते बोललीस, त्यानं दिलेलं पेन त्याच्या पायाशी फेकलंस आणि घरी आलीस ती आलीसच.

रेणू, ते मी लिहिलं.

तुझं खातं सेंटरच्या कॉम्प्युटरवर उघडंच राहायचं. त्या दिवशी मी तुमच्या धानाच्या बांधीवरून गाडी घेऊन चाललो होतो. तू आईबरोबर रोवत होतीस, साडी खोचलेली, गालावर चिखल. मला पाहून रोपांची पेंढी उगारून म्हणालीस, "पाहून काय राहिला, उतर ना चिखलात!" मी उतरलो नाही. सेंटरवर येऊन ते लिहिलं. तुला सांगता येत नव्हतं, म्हणून त्या मेलेल्या माणसाच्या तोंडी घातलं. वाटलं, तू वाचशील, एकटीच ओळखशील, हसशील. इंग्लंडात धान होत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटायचं शेत म्हटलं की धान.

टिंगल नव्हती गं. अख्ख्या वर्गाला टिंगल वाटली, तुलाही वाटली. पण नव्हती.

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं चूक नाही.

महाशिवरात्रीला तू माझ्या गाडीवर आपल्या इकडच्या प्रतापगडच्या यात्रेला आलीस. चढावर दगडावर बसून रडलीस. म्हणालीस, "ओमेश, खरं सांग, त्यानंच केलं असंल ना? मले अजून पटत नाही." तुला पटत नव्हतं! तेव्हा एक शब्द बोललो असतो तर पुरलं असतं. मी म्हणालो, "त्याच्याशिवाय कोण? शहरातले असेच राहतेत." तू डोळे पुसलेस, माझ्या खांद्यावर हात ठेवून उठलीस, आणि मी खुश झालो. खरंच खुश झालो. उतरताना तुला उसाचा रस पाजला.

परीक्षेत माझ्यावर कॉपीचा खोटा आळ आला तेव्हा मी सरांचं टेबल उलटवलं आणि कॉलेजच सोडलं. अजून गावभर सांगत फिरतो की माझ्यावर अन्याय झाला. तसाच आळ मी हिमांशूवर टाकला. त्यानं टेबल उलटवलं नाही, एवढाच फरक.

काल गोंदियाला त्याच्या दुकानात गेलो. तो साखर तोलत होता. सगळं सांगितलं. वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, मीही दोन दिल्या असत्या, हिशोब फिटला असता. तो तोलतच राहिला. मग म्हणाला, "मुझे क्यों बता रहा है? मुझे तो पहले से पता है कि मैंने नहीं किया. उसको बता." आणि पुढच्या गिऱ्हाईकाला विचारलं, "हां काकी, और?"

म्हणून हे पत्र. मॅडमना याची नक्कल वेगळी टाकली आहे, तरी तू हे घेऊन जा आणि टेबलावर ठेव. सोमवारी सातच्या गाडीनं जा. मी स्टेशनवर नसेन. कोण हसलं तर हसू दे. रोवणाऱ्या पोरीनं परीक्षा दिली नाही, असं मात्र कोणाला म्हणू देऊ नको. हिमांशूला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मला उत्तर देऊ नको. आई विचारेल, तर तिलाही खरं सांग. तिचा चहा आता माझ्या हातचा नको.

खाली "तुझा" लिहायला पेन टेकवलं होतं. पण हा कागद पुरावा म्हणून कामी यायचा आहे, आणि पुराव्यावर तसं लिहीत नाहीत.

लिहून देणार,
ओमेश दुधराम कटरे
रा. सौंदड, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया