पंच्याऐंशीच्या वर थरथर नाही

१ फेब्रुवारी, शनिवार

चाकं आली. चारही. शर्यतीची, अस्सल. ज्याच्याकडून घेतली तो पूर्वी शर्यती करायचा, आता गुडघ्यांमुळे करत नाही. जुन्या चाकांच्या निम्म्या वजनाची. एका हाताने उचलून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, छान, आता दुसऱ्या हाताने ते कपाट सरकवा.

गाडी सत्तावीस वर्षांची, दोन सीटची, लाल. बायको तिला 'पाहुणी' म्हणते. खाऊनपिऊन राहते आणि कामाला हात लावत नाही, म्हणून. तेवीस तारखेला हीच पाहुणी आमच्या लेकीला तिच्या पहिल्या नोकरीच्या गावी सोडणार आहे. एकशे ऐंशी किलोमीटर, मी आणि ती, दोघंच. बायकोचं मत, बसने जावं.

संकल्प: घाई नाही. सगळं गाडीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

पुस्तक सापडत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

टायरवाल्याकडे बॅलन्सिंग. मशीनवर चाक फिरवतो, जिथे हलकं असेल तिथे शिशाचं वजन चिकटवतो, मशीनवर शून्य येईपर्यंत. चारही चाकं शून्यावर आली. मग नट मागितले. मी जुनेच दिले. त्याने एक चाकाच्या भोकात ठेवला आणि बोटाने हलवून बघितला. म्हणाला, साहेब, हा नट खालून गोल आहे आणि नव्या चाकाचं भोक निमुळतं. नट बसत नाही, नुसता कडेवर टेकतो. निमुळते नट घ्या, चार दिवसांत मागवून देतो.

मी म्हणालो, हे कंपनीचे नट आहेत, सत्तावीस वर्षांत एक सुटला नाही. तो म्हणाला, त्या चाकांतून. 

विक्रीचे प्रकार मला कळतात. शेवटी म्हणाला, बॅलन्स करून दिलंय, पण या नटांवर मी बसवून देणार नाही. पावतीवर तसं लिहूनही दिलं. अक्षर गिचमिड आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

चाकं स्वतः बसवली. जॅक, पाना, चार तास. ठरलेला जोर लागला की टक्क वाजणारा एक पाना मिळतो. तो मेहुण्याकडे आहे. एकदा मागितला की वर्षभर ऐकावं लागतं. माझा हाताचा अंदाज पुरेसा आहे.

मेहुणा न बोलावता आला. चहा पीत उभा राहिला. म्हणाला, भावोजी, चाकं झकास. आता त्यांना शोभेल अशी गाडी पण बघा.

संध्याकाळी चक्कर. पासष्टला स्टिअरिंग थरथरलं. रस्ता खराब आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरा रस्ता. पासष्टला थरथर. दोन्ही रस्ते एकाच कंत्राटदाराचे असणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा टायरवाला. त्याच्या मशीनमध्ये दोष आहे, हे मी शांतपणे सांगितलं. त्याने पुढची दोन चाकं काढून मशीनवर चढवली. शून्य. परत फिरवली. शून्य. मग नुसतं विचारलं, नट बदलले का. मी म्हणालो, मी जरा घाईत आहे. तो म्हणाला, हो, दिसतंय.

दोन्ही चाकं त्याने माझ्याकडे ढकलली. त्याच्या दुकानाबाहेर, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, मी ती स्वतः बसवली. दोघं बघत होते. हात सराईत चालत होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शोध लागला. ऑफिसला जाताना बायपासवर पासष्टला थरथर, सत्तरला थरथर, ऐंशीलाही. पंच्याऐंशीला गायब. लोण्यासारखी. म्हणजे गाडीत दोष नाहीच. शर्यतीची चाकं शर्यतीच्या वेगालाच शांत होतात, हे सांगायला कुणी नव्हतं म्हणून इतके दिवस गेले.

नियम: पासष्ट ते पंच्याऐंशीत रेंगाळायचं नाही. त्याखाली तरी राहायचं, नाहीतर त्याच्या वर.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीला चक्कर मारून आणली. लहानपणी शेजारच्या सीटवर उशी ठेवून बसायची, समोरचं दिसावं म्हणून. आज केस बांधून गप्प बसली होती. पासष्ट ते पंच्याऐंशीच्या त्या पट्ट्यातून जाताना म्हणाली, बाबा, स्टिअरिंग हलतंय की तुमचे हात? मी म्हणालो, हात. वय झालं आता.

 मला वाटलं, मिटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मिटलेलं नाही. लेक डॉक्टरांकडे घेऊन गेली. आधीच नंबर लावून ठेवला होता. डॉक्टरांनी दोन्ही हात समोर धरायला लावले, त्यावर कागद ठेवला. कागद हलला नाही. एका पायावर उभं केलं. नाकाला बोट लावायला लावलं. म्हणाले, या वयात असे हात बघायला मिळत नाहीत, दगडासारखे स्थिर आहेत.

डॉक्टर साधाच आहे. तपासण्या काही केल्या नाहीत.

परत येताना लेक रिक्षात बाहेर बघत होती. म्हणाली, चला, हात नाहीत म्हणजे.

१६ फेब्रुवारी, रविवार

नट तपासले. पुढच्या डाव्या चाकाचे थोडे सैल, पाव फेरा बसला. नवा धातू जागेवर बसत असतो, त्याचं लक्षण. नटांभोवती काळी पूड होती. ब्रेकची. फडक्याने पुसली तर फडकं चमकलं. ब्रेक चांगल्या प्रतीचे आहेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पट्टा थोडा रुंदावला. आता साठ ते पंच्याण्णव. पंच्याण्णवच्या वर लोणी. हळू वळताना डावीकडे पुढे कुठेतरी टक् असा आवाज येतो. रेडिओ लावला की येत नाही.

नट पुन्हा घट्ट केले. अर्धा फेरा. बायको बाल्कनीतून म्हणाली, पाहुणीचे पाय चेपताय का. मी म्हणालो, रोजचा व्यायाम. ती म्हणाली, रोज सुटणाऱ्या गोष्टीला व्यायाम म्हणत नाहीत. मी वर बघितलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना बायकोने सरळ विचारलं, टायरवाल्याने ते नट बघितले का? तिला नटांबद्दल कुणी सांगितलं, माहीत नाही. मेहुणा असणार. मी म्हणालो, हो, बघितले.

खोटं बोललो नाही. बघितले होते. चार तारखेला.

बायको म्हणाली, मग ठीक आहे, मला काही त्यातलं कळत नाही, तुम्ही म्हणताय तर जाऊ दे तिला. लेकीने ताटातून मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा जेवायला लागली.

संकल्प: उद्या निमुळते नट मागवायचे. गरज म्हणून नाही, घरात शांतता राहावी म्हणून.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

टायरवाल्याला फोन केला. म्हणाला, मंगळवारी येतील. मंगळवार पंचवीस. आम्ही निघणार तेवीसला. म्हणाला, तोवर साहेब जुनी चाकं लावा, अर्ध्या तासाचं काम. मी म्हणालो, बघतो.

जुनी चाकं जिन्याखाली आहेत. बायकोने त्यांच्यावर सुटकेसा रचल्या आहेत. शिवाय लेकीला नव्या ऑफिससमोर त्या चाकांवर उतरवायचं म्हणजे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गाडी धुतली. चाकं आरशासारखी. पुढच्या डाव्याचा एक नट एक फेरा बसला, दुसरा दीड. एक मात्र कितीही फिरवला तरी फिरतच राहिला, घट्ट होईना. म्हणजे पूर्ण बसला असावा. बाकीचे तीन आहेतच.

लेक खाली आली होती. मी पाना फिरवताना पायरीवर बसून बघत होती. विचारलं, बाबा, आपण बसने गेलो तर तुम्हाला वाईट वाटेल का? मी म्हणालो, मला कशाला वाईट वाटेल. ती म्हणाली, वाटेल. मग उठून माझं फडकं घेतलं आणि मागची काच पुसून दिली.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ५.५०

निघतो. बायकोने पाण्याच्या बाटल्या दिल्या. हळू जा म्हणाली. नियम तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

सकाळी ९.२०

रस्त्याच्या कडेला, दगडावर बसून लिहितो आहे. गाडी उचलून नेणाऱ्याला दोन तास लागतील.

पट्टा आज साठ ते एकशेपाच होता. मी एकशेदहावर होतो. पण लोणी नव्हतं. लेक म्हणाली, बाबा, हळू करा. मी तिला नियम समजावला. हळू करायचं म्हणजे सगळा पट्टा पुन्हा खाली उतरायचा, त्यापेक्षा वरच राहिलेलं बरं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, मग एकदाच उतरू आणि थांबू. आवाज अगदी आईचा. मी पाय उचलला.

नव्वदला स्टिअरिंग कुणीतरी हिसकावत असल्यासारखं झालं. तिने दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकले होते. मागून ट्रक हॉर्न देत होता. चाळीसला रेडिओ चालू असूनही टक् टक् टक्. थांबलो तेव्हा माझे हात थरथरत होते. या वेळी खरंच.

ती आधी उतरली. डिकीतून लाल त्रिकोण काढून पन्नास पावलं मागे जाऊन रस्त्यात ठेवून आली. मला सुचलं नव्हतं. मग डाव्या चाकापाशी बसली. चारांतला एक नट जागेवर नव्हताच. दुसरा तिने दोन बोटांनी काढला, बरणीचं झाकण काढावं तसा. तिसऱ्याला हात लावला तर नट आणि तो ज्यावर बसतो तो बोल्ट असे दोन्ही तुटून तिच्या तळहातात आले. भोकं गोल राहिलेली नाहीत. चौथा धरून होता.

एका नटावर आम्ही दोघं.

ती तशीच बसून होती. म्हणाली, तुम्ही आईला सांगितलंत, टायरवाल्याने नट बघितले. मी म्हणालो, बघितले होते. ती म्हणाली, आणि काय म्हणाला?

मी सांगितलं. पावतीवर लिहून दिलं होतं, हेही सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मला कालच माहीत होतं बाबा. तुम्ही थांबाल असं वाटलं होतं.

बस वीस मिनिटांनी आली. बॅग मी चढवून दिली. पोचल्यावर फोन कर म्हणालो. ती म्हणाली, आईला करीन. खिडकीतून हात केला की नाही, माहीत नाही. काचेवर ऊन होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल गाडी घरी आणून सोडणारा उतरताना म्हणाला, चाकं एक नंबर आहेत हं साहेब. मी त्याचे पैसे दिले.

लेक पोचली. आज कामावर गेली. बायकोशी रात्री अर्धा तास बोलली होती. बायकोला आता सगळं माहीत आहे.  सकाळी चहा ठेवला आणि म्हणाली, ती एकुलती एक आहे आपली. नवीन काही सांगावं तसं.

टायरवाल्याचा फोन. नट उद्या येतायत साहेब. नको म्हणालो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लेक शनिवारी दोन दिवस घरी येते आहे. बसने. स्टँड घरापासून चालत पंचवीस मिनिटं. बायकोला म्हणालो, मी तिला घ्यायला जाईन. तिने भाजी चिरायची थांबवली. मी म्हणालो, चालत.

ती म्हणाली, तिला विचारून सांगते.