ताईच्या ओठावरचा डाग

मंगळवार, संध्याकाळ

पन्हाळ्यावर भटकत बसलो, लिहायचं टाळलं. डोळ्यांपुढं ताईच्या ओठावरचा तो काळा डाग.

तिला बघायला पावणं आलं की डाग चिघळणार, तोही त्याच जागी. आजऱ्याचे लोक तर पोहे न खाताच उठले. तो मुलगा ताईला आवडला होता.

"दिष्ट लागतीया," आई म्हणायची.

आज डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाहुण्यांआधी काही घेतेस?" डोकं ठणकतं म्हणून आईच दर वेळी गोळी द्यायची. ती गोळीच ताईला बाधते. असं क्वचितच होतं म्हणे.

"आता डोकं दुखू दे की," ताई म्हणाली.

पण आजऱ्याला कोण सांगणार? मी जाऊ? माझं कोण ऐकतंय?

आई हाका मारतेय. दारात तो आजऱ्याचा मुलगा, एकटाच. ताई आरशात न बघताच बाहेर गेली.