शेवटच्या घोटाबद्दल

नळाला पाणी आलं होतं. दोन पिंपं भरली, मालकांची चादर बदलली, त्यांच्या तोंडातल्या जखमेचे रक्ताळलेले बोळे कागदात गुंडाळले आणि पाट्यावर मिरच्या वाटायला बसले. वरवंटा हातात होता तो असा. कोणाला मारायला उचलला नव्हता.

हे आधी लिहिलं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आता वकिलांनी सांगितलेलं. मी सरूबाई, मालक म्हणजे रामकिसन दहिहंडे, त्यांची विधवा, वय एकसष्ट, राहणार बजाजनगर. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं वाचन वाणसामानाच्या पुड्या उलगडून शिकले. पोटातली गाठ पसरली आहे, डोकं ठिकाणावर आहे. हे कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. मला दाबेल असं माणूस आमच्या भावकीत जन्मलेलं नाही.

१. घर मुलगी प्रेरणा हिला. जावयांनी मधली भिंत पाडू नये.

२. खाट आणि हवेची गादी मोनिका सिस्टरच्या संस्थेला. शेवटाला आलेल्या माणसांच्या घरी ही संस्था येते. मालकांचं बोलणं कॅन्सरनं बंद झालं तेव्हा सिस्टरनं पाटी पुढं धरली, "काका, काय पाहिजे?" मालकांनी लिहिलं, गंगा. सिस्टर स्वतः बौद्ध, तरी आमच्या महाराजांना फोन लावून विचारलं. मग मला म्हणाल्या, "काकू, त्यांना गिळता येत नाही. ओतलं तर छातीत जाईल. बोळ्यानं ओठ ओले करा. महाराज म्हणतात, तेवढं पोचतं."

३. पाटा प्रेरणाला. वरवंटा कोणालाच नाही. पैठणला गोदावरीत टाकावा. त्या सकाळी धाकटे दीर सांडू चितेगावहून गंगेचा गडू घेऊन आले. मी मिरच्यांवरून उठेपर्यंत त्यांनी झाकण फोडून, मालकांचा जबडा धरून ओतलंसुद्धा. मालक निळे पडले, पाय झाडू लागले. तोंडातून पाणी आणि रक्त उसळलं.

"सोड, मुडद्या!"

"भाऊ तहानलेला धाडू का? लई शहाण्या झालात, वहिनी!"

मी मनगटावर वरवंटा घातला. हाड वाजलं. दुसऱ्या घावाला डोक्याचा नेम होता, तो खांद्यावर बसला. तिसरा उगारला तेव्हा खाटेवरची धडपड थांबलेली होती. मालक गेले, आणि आमचं दोघांचंही तोंड त्यांच्याकडं नव्हतं.

भाऊजी पोलिसांत गेले नाहीत. सहा वर्षं झाली. भावकी त्यांना अजून भाऊमाऱ्या म्हणते, लग्नाकार्यात पंगतीला बसवत नाही.

४. तो गडू अर्धा भरलेला माझ्याकडं आहे. मला गिळता येईनासं झालं की त्यातलं पाणी बोळ्यानं ओठांना लावावं. सांडू भाऊजींनीच लावावं. उजवा हात वळत नाही, तर डाव्यानं. ते नाही म्हणाले तर कोणी जबरदस्ती करू नये. मी कोरड्या ओठांनी जाईन.

५. हे कलम भावकीला वाचून दाखवावं. सिस्टर जे म्हणाल्या ते मी भाऊजींना कळवलंच नव्हतं. बांधाच्या भांडणापासून आमचं बोलणं बंद होतं. चार दिवस फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. मालक गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी भावकी भेटायला आली. भाऊजी हात गळ्यात बांधून दारात बसले होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "यांना मी बजावलं होतं. तरी ओतलं."

सरूबाई रामकिसन दहिहंडे

आमच्यासमोर सही केली :
मोनिका साळवे
सांडू दहिहंडे, चितेगाव (मजकूर वाचून, डाव्या हाताने)

छत्रपती संभाजीनगर, १४ ऑक्टोबर २०२५