चौथा डबा

१२, मंगळवार
नवी खोली. खाली लाँड्री, त्यामुळे फरशी कायम कोमट आणि सगळ्याला इस्त्रीचा वास. वर्षातली ही पाचवी खोली, पण हिला दोन खिडक्या आहेत म्हणून मी एकदम खूश. लाँड्रीवाल्या काकूंनी माझ्या एकुलत्या पिशवीकडे बघून विचारलं, बाकी सामान मागून येतंय का. म्हटलं, हेच ते. त्या म्हणाल्या, बरंय, पसारा काढायला तरी काही नाही. ही वही त्यांच्याच दुकानातली, पावत्यांची. मागची बाजू कोरी आहे.

१३, बुधवार
आता मुद्द्याचं. लोकांना रोजचं काहीबाही लिहायला फुकट पानं देणारी एक जुनी साइट तीस तारखेला दुपारी बारा वाजता बंद होणार. तिच्यावर माझ्या दादाचं पान आहे. दादा जाऊन दोन वर्षं झाली. ते पान मी कधी उघडलेलं नाही. का, ते नंतर.

काही हौशी लोक मिळून ती साइट त्याआधी उतरवून, म्हणजे डाउनलोड करून, जपून ठेवतायत. त्यांचं टूल मी माझ्या लॅपटॉपवर कंटेनरमध्ये चालवते. कंटेनर म्हणजे बंद डबा, आतल्याला बाहेरचं दिसत नाही. मी तीन डबे लावलेत. यादीतून डबा एक पान उचलतो, उतरवतो, जमा करतो, पुढचं उचलतो. टूलनं नाव विचारलं तेव्हा ‘भिंगरी’ टाकलं. एका जागी टिकत नाही म्हणून दादा मला तसं म्हणायचा. तो एकटाच.

१९, मंगळवार
माझ्या नावावर चार हजार पानं. या हौशी लोकांच्या ऑनलाइन ग्रुपवरच्या जुन्या खोडाला सगळे मास्तर म्हणतात. ते म्हणाले, पोरी, तू झोपतेस की नाही? दिवसभरात एवढंच बोलणं झालं. मग एका अनोळखी माणसाची टपाल तिकिटांची पानं वाचत बसले, दुपार गेली.

२३, शनिवार
दादाचं पान अजून जमा नाही. मास्तरांना विचारलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, कुणीतरी ते उचलतं आणि परतच करत नाही. बराच वेळ झाला की यादी ते पुन्हा वाटते, पुन्हा तोच उचलतो. कोण, विचारलं. त्यांनी टाइप केलं, चेष्टा करतेस का, तूच की, भिंगरी.

नावाला पासवर्ड नसतो, कुणीही कुठलंही टाकतं, असं नंतर त्यांनीच समजावलं.

२६, मंगळवार
तिन्ही डबे बंद केले. तरी भिंगरीनं पान उचललं. मास्तर म्हणतात, तुझ्याच कनेक्शनवरून.

चालू डब्यांची यादी काढली. एक चालू आहे. चौथा. तो मी लावलेला नाही. चालू होऊन दोन वर्षं झाली असं दाखवतोय. लॅपटॉप मी मागच्या महिन्यात घेतलाय.

२७, बुधवार
आता ते ‘का’. दादा आजारी होता. फोनवर म्हणाला, भिंगरे, येतेस का? म्हटलं, निघालेच. निघालेही. वाटेत एक मैत्रीण भेटली, तिच्याबरोबर भलत्याच गावी गेले. चार दिवसांनी पोचले तर घराला कुलूप.

आज पान उघडलं. त्या आठवड्यातली नोंद आहे: भिंगरी येते म्हणाली. दार नुसतं लोटून ठेवलंय.
पुढची: आज नाही आली. रमली असेल कुठेतरी.
नोंदी तिथेच थांबायला हव्या होत्या, दादा त्याच आठवड्यात गेला. त्यानंतर रोज एक नोंद आहे. दोन वर्षं, रोज. आज नाही आली. आज नाही आली.

पान जमा होत नाही कारण ते संपतच नाही —

२८, गुरुवार
आजची नोंद वेगळी. मीच निघतो.

२९, शुक्रवार
पानावर: खाली इस्त्रीचं दुकान आहे. बाईंनी विचारलं, कोण पाहिजे. म्हटलं, भिंगरी.

खाली गेले. काकू म्हणाल्या, भाऊ बोलायला गोड आहे गं तुझा, तुझ्यासारखा घुम्या नाही. भिंगरी म्हणतात होय तुला? मग म्हणाल्या, चपला नव्हत्या बिचाऱ्याच्या —

३०, शनिवार
साडेअकरा. चौथा डबा थांबवला तर पान सुटेल, माझा डबा उचलेल, जमा होईल. एक ओळ टाइप करायची. दोनदा केली. दोनदा पुसली. त्याला मधेच तोडायचं, परत मीच —

पावणेबारा. चौथा आपोआप बंद झाला. काम पूर्ण, असं लिहिलंय. पान माझ्या पहिल्या डब्यात आलं. जमा झालं. बचावलं. मास्तर म्हणाले, शाब्बास.

मग मी शेवटची नोंद बघितली. पोचलो. ती पाठमोरी बसून वहीत लिहितेय. मधेच हाक नको, दचकेल. वाक्य संपू दे

म्हणून आता पूर्णविराम नाही, लिहीत राहायचं, काहीही, खाली मशीन फिरतंय, काकू कुणाला तरी शर्ट सोमवारी मिळेल सांगतायत, बारा वाजून गेले, साइट गेली असेल, मागे बघायचं नाही, फरशी गार पडलीये, हात भरून आलाय, आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांत त्या नावानं मला कुणी हाक मारलेली नाही, दादा, मला एवढंच लिहायचंय की त्या दिवशी मी निघाले होते, खरंच निघाले होते, पण