दुकानांना तुमचं नाव

अण्णा, तुम्ही गावासाठी केलेल्या बगीच्यात दुकानं बांधायचं ठरलंय, आणि त्या दुकानांना तुमचं नाव द्यायचंय. नगराध्यक्ष स्वतः घरी येऊन सांगून गेले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, या गावाला तुमची कधी आठवण झाली नाही. नगरपालिकेच्या सभागृहात माजी नगराध्यक्षांचे फोटो ओळीनं लावलेत, त्यात तुमचा फोटो सापडत नाही म्हणून राहिला तो राहिलाच. आणि आता एकदम तुम्ही त्यांचं दैवत. माझं डोकं असं फिरलंय की कुणाशीही बोलायला गेलं तरी आवाज चढतो. दूधवाल्यावर काल उगीच ओरडले. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे. तुमच्यावरही राग आहे, आणि तो काही थोडाथोडका नाही.

नांदेडला कॉलेजात जन्मभर राज्यशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि आपल्या घरी परत आले. 'स्थानिक स्वराज्य संस्था' हे प्रकरण मी इतक्यांदा शिकवलं असेल की झोपेतही सांगू शकेन. प्रत्यक्षात ती संस्था भर दुपारी दारात येऊन उभी राहते तेव्हा काय करायचं, हे मात्र त्यात कुठं नव्हतं. वरणाला फोडणी देऊन मी गॅस बंद करत होते आणि बेल वाजली. दार उघडलं, तर 'नमस्कार ताई' म्हणायच्या आत अंगावर शाल आणि हातात नारळ. मागं एकजण मोबाइलवर फोटो काढतोय. कशाचा सत्कार, काय कारण, काही नाही. आपल्याकडं हे आता असंच चालतं, अण्णा. आधी शाल पांघरायची आणि मग काम सांगायचं. अंगावर शाल असलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, हे या लोकांना पाठ झालंय.

"ताई, काकांचं नाव गावात राहिलं पाहिजे," नगराध्यक्ष म्हणाले. पोरगेलेसे आहेत, बोलायला गोड. "काकांच्या नावानं व्यापारी संकुल करायलोत. कमान अशी करतो की उदगीर रोडवरनं दिसंल." मी विचारलं, कुठं? तर म्हणे, बगीच्याच्या जागेवर. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. झाडांचं काय, असं विचारलं तर लगेच उत्तर तयार. "एक बी झाड तोडत न्हाई ताई. मुळासकट काढून बायपासला लावायची. मशीन येती आता." आणि लोकांनी बसायचं कुठं? "वर गच्चीवर गार्डन हाय की! लिफ्टनं जायचं." नगरपालिकेच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट उद्घाटनाच्या दिवशी एकदा वर गेली आणि तेव्हापासून बंद आहे. तिच्यात आता झाडू आणि फिनेलचे कॅन ठेवतात. हे मी बोलून दाखवलं तर सगळे मोकळेपणानं हसले, जणू मी त्यांच्याच बाजूनं विनोद केला होता.

मग कागद पुढं केला. वारस म्हणून माझी संमती हवी. बजेटच्या सभेत विषय घ्यायचा आहे. मी म्हटलं, नाव द्यायला माझी संमती कशाला लागते, तुम्ही ठराव करा आणि द्या. तेव्हा त्यांनी खरं ते सांगितलं, अगदी सहज, चहाचा घोट घेता घेता. "वॉर्डातली लोकं उगं हरकती घ्यायलीत. काकांचं नाव, अन् ताईची सही म्हटल्यावर कोण तोंड उघडंल?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तुमचं नाव तुमच्या मानासाठी नव्हतंच, अण्णा. लोकांच्या तोंडात बोळा म्हणून हवं होतं. मी शाल काढली, घडी केली आणि टीपॉयवर ठेवली. विचार करून सांगते म्हणाले. असं का म्हणाले ठाऊक नाही. तिथंच कागद परत द्यायला हवा होता.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या. त्यांना तुम्ही नवी नवरी म्हणून पाहिलं होतं, आता गुडघे गेलेत, एकट्याच असतात. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, आणि आपल्या रस्त्यावर चालायची सोय कुठं आहे, एका बाजूला गटार आणि दुसऱ्या बाजूला मोटारसायकली. त्या बगीच्यातच चालतात, दोन फेऱ्या आणि मग लिंबाखालच्या बाकावर त्यांच्यासारख्या चौघी-पाचजणी. हातात घरपट्टीची नवी नोटीस होती. बाहेरच्या कुठल्या एजन्सीनं घरं मोजली आणि त्यांच्या न्हाणीवरचा पत्रासुद्धा बांधकामात धरला. "पत्र्याची पट्टी घ्या म्हणावं माझ्याकडनं, देते बापा," वहिनी म्हणाल्या, "पण मग बगीचा बी काढून घ्यायलेत, ही कुठली रीत? आन् तुम्ही सही देणार म्हणत्यात समदे. खरं हाय का?" मी म्हटलं, अजून दिली नाही. "अजून म्हंजी?" असं म्हणून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला त्यांचाही राग आला. खरं तर राग यायचं काही कारण नव्हतं.

घरपट्टीवरून तुमचीच आठवण आली. बगीचा चालवायला माळी पाहिजे, पाणी पाहिजे, कुंपण पाहिजे, म्हणून तुम्ही नगराध्यक्ष असताना घरपट्टी वाढवलीत. निवडणूक तोंडावर आली होती. आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगते आहे, आत्ता नका, निवडणूक होऊ द्या, मग वाढवा. आणि तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणता आहात, मागून वाढवली तर ती फसवणूक झाली. तुम्ही पडलात. दणकून पडलात. जिंकलेल्यांची हलगी आपल्या दारात वाजवायला आणली, उंबऱ्यावर गुलाल ओतला. कडी घालून आम्ही आत बसलो होतो आणि खिडकीच्या फटीतून गुलाल आत येत होता. दुसऱ्या दिवशी आईनं रांगोळीची जागा घासून घासून धुतली, तरी फरशीचा तो गुलाबी रंग कितीतरी दिवस गेला नाही. तुम्ही मात्र सकाळीच बगीच्यात गेलात, नव्या रोपांची आळी करायला. आईला त्या झाडांचा राग होता तो तेव्हापासून. ती एकदाच म्हणाली होती, "येवढं सोसलं तर नावाची एक पाटी तरी लावून घ्यावी माणसानं." तुम्ही म्हणालात, पाटी लावायची तर घरपट्टी भरणाऱ्या समद्यांची लावावी लागंल, तेवढा मोठा दगड कुठून आणायचा? आम्ही हसलो होतो. आई हसली नव्हती.

हे सगळं मी वर्गात मुलांना सांगायची, तुमचं नाव न घेता. एका गावाचे एक नगराध्यक्ष होते म्हणून. मुलं भारावून जायची. आता वाटतं, गोष्ट अर्धीच सांगितली मी. उरलेली अर्धी मलाच ठाऊक नव्हती, ती परवा नगरपालिकेत कळली.

हरकत लिहून मी मुख्याधिकाऱ्यांकडं गेले. साहेब सभ्य होते, बसा म्हणाले, पंखा लावला. त्यांनी जुनं बक्षीसपत्र आधीच काढून ठेवलं होतं. "मॅडम, जागा नगरपालिकेला दान मिळालेली आहे. पण बगीच्यासाठीच वापरावी अशी अट त्यात कुठंही नाही. विकास आराखड्यातही आरक्षण नाही, नुसती खुली जागा आहे. तुमच्या भावना समजतात मला." त्यांनी कागद माझ्याकडं वळवला. खाली साक्षीदार म्हणून तुमची सही. आणि मला तो दिवस जसाच्या तसा आठवला, अण्णा.

उन्हाळ्याचे दिवस आहेत. जागेचे मालक, तुमचे शाळेतले मित्र, ओसरीवर बसलेत. मी सरबत घेऊन येते. त्यांनी पेन काढलंय आणि ते म्हणतायत, "एक ओळ घालू का? बगीचाच करावा, दुसरं काही करू नये म्हणून?" आणि तुम्ही हात झटकून म्हणालात, "छ्या! अट कशाला? नगरपालिका काय परकी हाय का? आपलीच माणसं हायत. दान देताना अट घालतेत व्हय?" ते म्हणाले, "बघ बाबा." पेन खिशात गेलं. मी ग्लास उचलले. तुमचा तो मोठेपणा तेव्हा मला इतका आवडला होता की मैत्रिणींना सांगत सुटले होते.

एक ओळ, अण्णा! तो माणूस आपणहून लिहून देत होता. जमीन त्याची, पेन त्याचं, आणि नको कोण म्हणतंय तर तुम्ही. का, तर अट घातली तर पुढं येणाऱ्यांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. ज्यांनी पुढं आपल्या उंबऱ्यावर गुलाल ओतला, त्यांच्यावरही तुमचा विश्वास! तुमच्या पिढीला वाटायचं, चांगल्या माणसानं दिलेल्या शब्दापुढं कागद म्हणजे हलकेपणा. तुम्ही शब्द देऊन गेलात. निस्तरायला आता वहिनींचे गुडघे आहेत. माझ्या ओळखीतले लबाड लोक निदान स्वतःचं बघून गेले. तुम्ही भलेपणानं गावाचं नुकसान केलंत, आणि तुमच्यावर ओरडायचीही चोरी, कारण तुम्ही भले होता. बक्षीसपत्र मी मुख्याधिकाऱ्यांकडं परत सरकवलं. बाहेर येऊन रिक्षात बसले आणि रडले. रिक्षावाल्यानं विचारलं, "दवाखान्यात सोडू का मावशी?"

आणि तरीही, तिथून मी घरी गेले नाही, बगीच्यात गेले. वाईट अवस्था आहे. कारंजं कोरडं, घसरगुंडीचा पत्रा फाटलेला, माळी कधीच बंद केलाय. पण लिंब आहेत, करंज आहेत. दुष्काळात तुम्ही नगरपालिकेचं पाणी बगीच्याला बंद केलं होतंत आणि घरोघरी जाऊन एकेक झाड जगवायला वाटून दिलं होतंत. आपल्या वाट्याला कोपऱ्यातला करंज आला होता. आई तांदूळ धुतलेलं पाणी, भांड्यांचं पाणी बादलीत साठवायची आणि झाडाला शिव्या देत देत मला पाठवायची. टँकरवर मी एकदा नंबर सोडून पुढं घुसले, नगराध्यक्षांची मुलगी म्हणून बायांनीही जागा दिली, तर तुम्ही सगळ्यांदेखत माझी घागर उचलून मागच्या बाईच्या घागरीत रिकामी केलीत आणि मला रांगेच्या शेवटी उभं केलंत. मी तेव्हा तुमच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. तो अपमान मला आजही झोंबतो, आणि तुम्ही बरोबर होता याचाही राग येतो. करंज मोठा झालाय. त्याच्याखाली दोन पोरी अभ्यास करत होत्या, लातूरला नीटच्या क्लासची फी परवडत नाही म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघत. इथं काय होणार आहे हे त्यांना ठाऊक होतं. "मग आम्ही स्टँडवर बसू," एक म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. त्या वयात इतकी सवय झालेली पाहून मला कसंतरीच झालं.

संमतीचा कागद मी बिनसहीचा परत पाठवला, सोबत शाल आणि नारळही. नगराध्यक्षांचा फोन आला. गोडवा थोडा कमी झाला होता. "ताई, काकांचं नाव नको तर दुसऱ्या कुणाचं देऊ. तुमचंच नुकसान हाय." मी म्हटलं, द्या. ज्यांचं द्याल त्यांच्या वारसांना शाल घेऊन भेटा, आणि वॉर्डातल्या लोकांना तोंड द्या. माझ्या वडिलांच्या आड लपू नका. फोन ठेवला आणि फार बरं वाटलं. बजेटच्या सभेला मी, वहिनी आणि त्यांच्या बाकावरच्या सगळ्या बाया जाऊन बसणार आहोत. वहिनी म्हणाल्या, "बोलायला देत न्हाईत म्हणे तिथं." मी म्हटलं, बसायला तर देतील. कायद्यानं जागा त्यांची आहे, आपण बहुतेक हरू. पण तुमच्या नावाखाली गप्प बसून हरणार नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. पुढं असं होणार हे तुम्हाला कळायची सोय असती तर त्या दिवशी ओसरीवरच तुम्ही ती ओळ लिहून घेतली असती, असं मी स्वतःला समजावते, पण खरं सांगायचं तर घेतली नसतीत. कपाटात ठेवून देईन.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही, वहिनींनाही नाही. त्या दुपारी नगराध्यक्षांनी मोबाइलवर त्या कमानीचं चित्र दाखवलं होतं. मी संतापलेली होते, हे खरं. पण फोन परत देण्याआधी मी दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि पाहत राहिले. तुमचं नाव फार छान दिसत होतं, अण्णा.