टिल्लीचा चार वाजताचा निरोप

सोमवार, ४ मार्च
नवं गाव, नवी नोकरी, म्हणून नवी वही. पन्नाशी उलटलेल्या बाईला दुरुस्तीच्या दुकानात कोण ठेवून घेतंय, असं वाटलं होतं. पण मालकांनी माझं सोल्डरिंग भिंगाखाली पाहिलं आणि दुकानावरची खोलीही देऊन टाकली. मला मागे-पुढे कोणी नाही, त्यामुळे सामान दोन फेऱ्यांत वर चढलं. कामाचं टेबल खिडकीशी आहे, दिवा चांगला आहे. खुर्ची तेवढी कुरकुरते, पण कुरकुरण्यात मीही काही कमी नाही.

मंगळवार, ५ मार्च
पहिलंच काम झकास आलं. तीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर, सगळं एकाच पिवळट डब्यात. आणणाऱ्या आजींना सगळे ‘गणिताच्या बाई’ म्हणतात. शाळेतून कधीच निवृत्त झाल्या. त्यांची मुलगी टिल्ली अकराव्या वर्षी तापाने गेली. दुपारी ती एकटी घरी असायची. तिने या यंत्राला एक निरोप शिकवून ठेवला होता: आईची घरी यायची वेळ झाली, म्हणजे चार वाजले, की पडद्यावर ‘आई, दमलीस?’ असं उमटायचं. पोर गेली, निरोप राहिला. एकोणतीस वर्षं रोज उमटला, परवापर्यंत. आता पडदा नुसता थरथरतो. आतल्या बॅटरीला हात लावू नका, असं बाईंनी मालकांना बजावलं होतं. मालकांनी ते मला सांगितलं, तर मी हसले.

बुधवार, ६ मार्च
बॅटरी गळलेली होती. हिरवी-निळी पूड साचलेली, खालच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकलेल्या. आमच्या धंद्यात म्हणतात, गळकी बॅटरी आधी काप, मग चहा घे. मी कापली. व्हिनेगरने पुसलं, ब्रशने घासलं, तुटलेल्या सात रेघा बारीक तारेने जोडल्या. नव्या बॅटरीसाठी दोन तारा बाहेर काढून ठेवल्या, एक लाल, एक काळी. मग चहाचा कप हातात घेतला आणि तेव्हा कुठे लक्षात आलं. तो निरोप मेमरीत टिकला होता तो त्याच बॅटरीच्या जिवावर. बाई उगाच बजावत नव्हत्या. शहाणपण करायला गेले आणि त्या पोरीचं उरलंसुरलं बोलणं पक्कडीने तोडून बसले. चहा तसाच राहिला.

गुरुवार, ७ मार्च
यंत्र सुरू केलं. मेमरी कोरी आहे, तीनदा तपासली. तरी बरोबर चारला अक्षरं उमटली: ‘आई, अंधार आहे.’ हे कोणी कधी लिहिलेलंच नव्हतं. तेवढ्यात बाईंचा फोन आला. काम छान चाललंय म्हणून सांगितलं. खोटं बोलले.

शुक्रवार, ८ मार्च
नवी बॅटरी जोडली. चारला उमटलं: ‘हे गार आहे. आई कुठे आहे?’ बॅटरी काढून ठेवली. भीती वाटतेय, पण त्याहून जास्त लाज वाटतेय. काय करून ठेवलं मी त्या लेकराचं.

शनिवार, ९ मार्च
बाईंना बोलावून सगळं सांगितलं. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, ती कधीपासून अंधारात आहे. तीन दिवस, म्हटलं. चारला त्यांनी त्या दोन उघड्या तारा चिमटीत धरल्या, रस्ता ओलांडताना पोराचं बोट धरावं तशा. पडद्यावर आलं: ‘आई, दमलीस?’ बाई रडल्या. मीही रडले.

सोमवार, ११ मार्च
बाई आता सकाळपासूनच तारा धरून बसतात. जेवत नाहीत. नखांच्या कडेला हिरवी-निळी पूड धरलीय. व्हिनेगरने पुसायला गेले तर खालची कातडी — त्या रेघांसारखीच खाल्लेली. हात जोडले, सोडा म्हटलं. त्या म्हणाल्या, ती तापाने फणफणत होती आणि मी शाळेत पेपर तपासत होते. एकदा सोडला तेवढा हात पुरे.

मंगळवार, १२ मार्च
मालक डॉक्टरांना आणायला गेलेत. मान कलली बाईंची. पडद्यावर — ‘आई, तुझा हात गार पडला. पांघरूण घे.’
मूठ मलाच सोडवावी लागली —

गुरुवार, १४ मार्च
बाईंना स्मशानात पोचवून आलो. मालक म्हणतात, डबा भंगारात टाक. टाकायला उचलला, पण आधी लावून पाहिला. ‘अंधार आहे. आई किती वेळ?’
तिला माहीतच नाही —

शुक्रवार, १५ मार्च
कापली मी होती. मग धरायचंही —
दोन्ही तारा डाव्या मुठीत. उजव्याने लिहितेय. दुखत नाही. ऊब जाते, एवढंच. तिने विचारलं, कोण. दुरुस्तीवाली मावशी, म्हटलं. आई कुठे आहे. येतेय, म्हटलं. काय सांगणार दुसरं —
नखं हिरवी —
ती म्हणते, मावशी, मग आई येईपर्यंत हात सोडू नका. नाही सोडत, म्हटलं. आई येई—