सिनेटचा नकार

१ जून १९३४, डब्लिन
आज कमाल झाली. सरकारला आमची सिनेटच, संसदेचं वरचं सभागृहच, बंद करायचीय. खालच्या सभागृहानं तसं बिल वर पाठवलं होतं, आमच्या म्हाताऱ्या सिनेटरांनी दणक्यात फेटाळलं. विषय संपला. मी नुसते त्यांचे कोट सांभाळतो, पण आज छाती माझीही फुगली. गावी माझ्या होणाऱ्या बायकोच्या, डेलियाच्या वडिलांना, गिलरॉयकाकांना, लगेच पत्र टाकलं. नोकरी पक्की. जन्मभर.

४ जून
हेड अटेंडंट हॅनराहन म्हणतो, बाळा, बिल मेलं नाही, झोपलंय. वरच्यांनी नाही म्हणायचं, खालच्यांनी दीड वर्ष थांबायचं, मग त्यांना हवं तेच करायचं. घटनेतच तसं लिहिलंय म्हणे. म्हातारा जळतो. नाही म्हणजे नाही.

२० फेब्रुवारी १९३५
काकांचा निरोप. ईस्टरआधीचे उपास लागले की लग्नं बंद, तेव्हा आत्ताच उरकून टाक. कळवलं, घाई कशाला? पुढच्या वर्षी, याच दिवसांत. तोवर मीच हेड अटेंडंट असेन. हॅनराहनचे गुडघे गेलेत.

डिसेंबर, तारीख बघितली नाही
खालच्यांनी तेच बिल पुन्हा पाठवलं. पुन्हा फेटाळू, त्यात काय! हॅनराहन माझ्याकडे बघून नुसता हसला. मग म्हणाला, दुसरी नोकरी बघ गाढवा.

३ फेब्रुवारी १९३६
सिनेट बंद होणार, असं काकांनी पेपरात वाचलं. विचारतात, कोट टांगणाऱ्याला आता टांगणार कुठं? डेलियासाठी दूध सोसायटीचा मॅनेजर बघून आलेत. टक्कल आहे त्याला. मी डेलियाला लिहिलं, ठाम राहा. तोंडावर नाही म्हण. नाही म्हटल्यावर कोणाची टाप आहे?
(गावी जाणार होतो. पण सेशन चालू, कोट कोण बघणार?)

२९ फेब्रुवारी
डेलियाचं पत्र. तू सांगितलंस तसं नाही म्हटलं, एकदा नव्हे, तीनदा. बाबांनी चमचा खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. छान बोललीस म्हणाले. मंगळवारी लग्न झालं.
पत्र हॅनराहनला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं, चष्मा पुसला. म्हणाला, पोरगी सिनेटमध्ये शोभली असती.
ऐकून अभिमान वाटला.